अर्जदार नादार असल्याबद्दल

पांढरपेशा मनुष्य जन्मभर जर कोणता पुरावा जिवापाड परिश्रम करून नष्ट करीत असेल, तर तो स्वतःच्या गरिबीचा. सदऱ्याची कॉलर उलटवून शिवून घेणे, पाहुण्यांना दुसऱ्यांदा श्रीखंड वाढताना ‘मला गोड वर्ज्य आहे’ असे सांगणे, आहेराची रक्कम घटेल तसतसे आहेराचे पाकीट अधिकाधिक जाड कागदाचे घेणे, या सर्व विद्यांत तो इतका पारंगत होतो की साठीला पोचेपर्यंत आपण गरीब आहो की काय हे त्याचे त्यालाही निश्चयाने सांगता येत नाही. अशा मनुष्यावर दिवाणी दावा लावण्याची पाळी यावी, दाव्याची कोर्ट फी भरण्याइतका पैसा त्याच्यापाशी नसावा, आणि ‘तू खरोखरीच नादार आहेस हे सिद्ध कर, म्हणजे फीवाचून तुझी फिर्याद दाखल करून घेतो’ असे कायद्याने त्यास बजावावे, यापरते दैवदुर्विलसित ते कोणते! ज्या पुराव्याचा त्याने इतकी वर्षे मागमूस राहू दिला नाही, तो आता त्याने आणावा कोठून?

माझे भांडण एका प्रकाशकाशी होते. त्यांचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. फिर्यादीत ते सांगितले आहे, आणि फिर्याद अद्याप नंबरावर चढलेली नसल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ते तेथेही सांगितले गेलेले नाही. माझ्या विनोदी निबंधांचा एक संग्रह त्यांनी छापला, विक्रीवर शेकडा दहाप्रमाणे मानधन देण्याचा करार केला, आणि त्यानंतर दर पाडव्याला मी पाठविलेल्या विचारणेस ‘पुस्तक मुळीच हालत नाही; लोभ आहेच, तो वाढावा’ असे एकच एक उत्तर धाडले. लोभाच्या जोडीला मधूनमधून न खपलेल्या प्रतींचा एखादा गठ्ठा ते मानधनापोटी पाठवीत, आणि मी तो पलंगाखाली सरकवीत असे. पुढे एका ग्रंथप्रदर्शनात माझ्या भाच्याला त्याच पुस्तकाची चौथी आवृत्ती दिसली. पहिली आवृत्ती माझ्या पलंगाखाली असताना चौथी प्रदर्शनात कशी पोचली, असा प्रश्न मी प्रकाशकांना नम्रपणे विचारला. त्यांनी तितक्याच नम्रपणे ‘कोर्टात विचारा’ असे सुचविले.

सुदैवाने माझा एक बालमित्र वकील आहे. त्याने मागणीचा आकडा ऐकला, फीचा तक्ता काढला, एका चिठोऱ्यावर काही आकडेमोड केली आणि ते चिठोरे माझ्या हाती न देता पालथे ठेवले, यावरून मी काय ते समजलो. महाराष्ट्रात १९५९ सालच्या कोर्ट फी कायद्याप्रमाणे पैशाच्या दाव्यास मागणीच्या मानाने फी पडते. दावा चढेल तशी ती चढत जाते आणि २०१८ सालापासून १० लाख रुपयांपाशी येऊन थांबते. त्यापुढे दावा कितीही कोटींचा असो, सरकार अधिक काही मागत नाही.

‘मग मी पाचशे कोटींचाच दावा लावतो,’ मी म्हणालो, ‘मानाने स्वस्त पडेल.’

वकिलाने माझ्याकडे टक लावून पाहिले. माझे विनोदी पुस्तक का हालत नसावे याचा उलगडा त्याला त्या क्षणी झाला असावा.

याबाबतीत पेशवाई अधिक सुसंस्कृत होती असे माझे नम्र मत आहे. तेव्हा निवाडा झाल्यावर जिंकणाराने हर्षाप्रीत्यर्थ ‘हरकी’ द्यावयाची आणि हरणाराने ‘गुन्हेगारी’ भरावयाची अशी चाल असे. सरकार दोघांकडूनही घेई. परंतु घेई ते अखेरीस, एकाच्या अंगी आनंद आणि दुसऱ्याच्या अंगी भय संचरलेले असताना. आरंभीच, म्हणजे वादीच्या अंगी केवळ संताप आणि खिशात केवळ रुमाल असताना, हात पुढे करण्याचा शिष्टाचार इंग्रजी अमदानीचा. खोटे दावे कमी व्हावेत म्हणून ही फी बसविली आहे, असे कारण अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालच्या रेग्युलेशनात दिलेले होते. त्या कारणाची मेकॉलेने पुढे मनसोक्त टर उडविली. फी मात्र राहिली. खोटा दावा लावणारापाशी पैसा नसतो आणि खरा दावा लावणारापाशी तो हटकून असतो, हा शोध ज्या कोणी लावला त्याने आमचे गाव पाहिलेले नसावे.

‘घाबरू नकोस,’ वकील म्हणाला, ‘आदेश ३३ आहे.’

१९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील हा आदेश ३३ नादार वादीसाठी आहे. फिर्यादीची फी भरण्यास पुरेशी ऐपत ज्याच्यापाशी नाही तो नादार. आणि ज्या कामास फीच ठरलेली नाही तेथे ज्याची मालमत्ता १,००० रुपयांची नाही तो नादार. १९०८ साली हाच आकडा १०० होता, १९७६ साली तो १,००० झाला, आणि तेव्हापासून दारिद्र्याचा भाव स्थिर आहे. महागाईचा वारा ज्यास लागला नाही असा जिन्नस देशात बहुधा हा एकच. या आदेशाखालचा अर्ज मंजूर झाला की तोच अर्ज फिर्याद म्हणून नंबरावर चढतो. मात्र ही फी माफ झाली असे कोणी समजू नये. ती तूर्त उधार राहते. दावा जिंकला तर मिळणाऱ्या मालावर तिचा पहिला बोजा. हरला तर वादीने भरावी. आणि न भरल्यास कलेक्टरने जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे ती वसूल करावी. उधार देण्यापूर्वी गिऱ्हाईकापाशी काही नाही याची इतक्या बारकाईने खात्री करून घेणारी पेढी मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

येथे एक गोष्ट वाचकांपासून लपविता येत नाही. त्याच कोर्टाच्या आवारात, जिन्याखाली, विधी सेवेचे कार्यालय आहे. १९८७ सालच्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली ज्याचे वार्षिक उत्पन्न आमच्या राज्यात ३ लाखांच्या आत आहे त्यास तेथे वकीलही मिळतो आणि कोर्ट फीचीही सोय होते. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटच नाही. हे मला कोर्टाच्या पट्टेवाल्याने सांगितले. मी वकिलास विचारले तेव्हा तो किंचित खिन्न झाला. ‘तो रस्ता आहे,’ तो म्हणाला, ‘पण त्यात कायद्याचा मुद्दा नाही. आदेश ३३ चे काम माझ्या सबंध वकिलीत कोणी आणले नाही रे!’ बालमित्राचे मन मोडणे मला जमले नाही. घरी ही हकीकत सांगताच पत्नी म्हणाली, ‘म्हणजे दावा मी लावला असता तर काहीच कटकट नव्हती.’

‘पण पुस्तक मी लिहिले आहे.’

‘मुद्रिते कोणी तपासली होती?’

अर्ज वादीने जातीने हजर करावा लागतो. त्याच्या तर्फे वकील गेलेला सहसा चालत नाही. तेव्हा कोर्टात जाताना कोणता वेष करावा, यावर आमच्या घरी आदले दोन दिवस खल चालला होता. वकिलाने कोपरावर विरलेला सदरा सुचविला. पत्नीने तो धुण्याच्या बादलीत बुडवून ठेवला. ‘फाटका सदरा घालून कोर्टात? लोक काय म्हणतील?’ ‘वहिनी, लोकांनी तेच म्हणायला हवे आहे,’ वकील कळवळून म्हणाला. अखेर मी इस्त्रीचा सदरा, धुवट धोतर आणि लग्नात मिळालेला काळा कोट अशा थाटात शिरस्तेदारांच्या मेजापाशी उभा राहिलो. संहितेप्रमाणे नादारीची प्रथम चौकशी त्यांनीच करावयाची असते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, अर्जाकडे पाहिले आणि विचारले, ‘पक्षकार कोठे आहे?’

‘मीच तो.’

‘आपण वकीलसाहेब नव्हे?’

‘नव्हे. मी नादार.’

शिरस्तेदारांनी उठून मला खुर्ची दिली. हा मान माझ्या अर्जास पहिल्याच दिवशी बाधक ठरला, असे वकिलाचे आजही मत आहे.

वस्तुतः पूर्वीच्या काळी ही वाट याहून बिकट होती असे म्हणतात. इंग्लंडात सातव्या हेन्रीने १४९५ साली गरिबांना फीवाचून दाद मागण्याची मुभा दिली आणि पुढे अंगावरच्या कपड्यांखेरीज आपल्यापाशी पाच पौंडांची मालमत्ता नाही अशी शपथ घेणारा तेथे नादार ठरू लागला. परंतु असा वादी हरला तर त्याने प्रतिवादीचा खर्च द्यावा किंवा फटके खावेत, यांतून त्याची त्याने निवड करावी, असा एके काळी प्रघात होता आणि तो आता बंद पडला आहे, असे इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टनने अठराव्या शतकात नमूद करून ठेवले आहे. मी हे वकिलास भीतभीत विचारले.

‘आता फटके नाहीत,’ तो म्हणाला, ‘तारखा आहेत.’

अर्जासोबत स्थावर-जंगमाची यादी किमतीसह जोडावी लागते. स्थावर या सदराखाली मी ‘नाही’ असे ठसठशीत लिहिले. आम्ही राहतो त्या वाड्यातील दोन खोल्या भाड्याच्या आहेत, आणि वाड्याची अवस्था पाहता त्यास स्थावर म्हणण्याचे धाडस मालकही करीत नाहीत. जंगमाच्या सदरात मात्र घरात यादवी माजली. ‘एक लोखंडी कपाट, जुने, कडी मोडकी’ एवढे मी लिहितो न लिहितो तोच पत्नीने कागद ओढून घेतला.

‘अहो, कडी मोडकी आहे हे कोर्टाला कशाला सांगायचे?’

‘किंमत कमी धरली जावी म्हणून.’

‘आणि उद्या धाकटीच्या स्थळाकडच्यांनी हा कागद वाचला म्हणजे?’

सबब कपाटाची कडी यादीत दुरुस्त झाली. भिंतीवरचे घड्याळ, जे आमच्या धाकटीच्या जन्मापासून सव्वाचारच वाजवीत आहे, ते ‘चालू स्थितीत’ असे नोंदले गेले. पेटीचे दोन सूर लागत नाहीत हे मी कंसात लिहिले होते; तो कंस खोडला गेला. गरिबीची यादी करता करता आम्ही इतके सधन झालो की रात्री मला चोरांची भीती वाटू लागली.

संहितेच्या कलम ६० ने काही वस्तूंना जप्तीपासून अभय दिले आहे आणि नादारी ठरविताना त्या मोजावयाच्या नसतात: अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचाराप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, कारागिरांची हत्यारे. ही यादी ऐकून मी चकित झालो. १९०८ साली कलकत्ता आणि सिमल्याच्या साहेबांनी आमच्या दोन खोल्यांची इतकी यथातथ्य पाहणी केव्हा करून ठेवली असेल? हत्यारे या सदरात मी माझे टाक, दौत आणि उतरते मेज घातले. सरकारी वकिलांनी हरकत घेतली. फीचे नुकसान सरकारचे, म्हणून अशा अर्जाची नोटीस प्रतिपक्षाप्रमाणेच सरकारी वकिलांनाही निदान दहा दिवस आधी द्यावी लागते, आणि ते आपले कर्तव्य चोख बजावीत असतात. ‘सवलत कारागिरांना आहे, साहेब,’ ते न्यायाधीशांना म्हणाले, ‘अर्जदारांचे पुस्तक मी वाचले आहे. त्यात कारागिरी कोठे दिसत नाही.’ न्यायाधीशांनी हे नोंदून घेतले. एवढ्या अवधीत माझे पुस्तक वाचल्याचे कबूल करणारा हा पहिला गृहस्थ, म्हणून मीही हरकतीस हरकत घेतली नाही.

त्यानंतर बोहारणीचे प्रकरण उपस्थित झाले. अर्जापूर्वीच्या दोन महिन्यांत अर्जदाराने लबाडीने, अथवा नादार ठरण्याच्या हेतूने, काही मालमत्ता दुसऱ्याच्या हवाली केली असेल तर अर्ज फेटाळला जातो. पत्नीने ऐन त्याच काळात तिच्या लग्नातील जरीचे विरलेले लुगडे बोहारणीस देऊन एक स्टीलचे पातेले घेतले होते. सरकारी वकिलांनी हा व्यवहार कोठून हुडकला ते देव जाणे. परंतु त्यावर त्यांनी जो युक्तिवाद केला तो ऐकून सबंध कोर्ट मंत्रमुग्ध झाले. जरीचे लुगडे हा जरुरीचा कपडा नव्हे, सबब ते जप्तीस पात्र. पातेले हे स्वयंपाकाचे भांडे, सबब ते जप्तीस अपात्र. म्हणजे अर्जदाराने जप्तीस पात्र अशी मालमत्ता अपात्र मालमत्तेत बुद्धिपुरस्सर परिवर्तित केली, आणि या कटात बोहारीण सामील होती! लुगडे बायकोचे, पातेले बायकोचे, घासाघीसही बायकोची, आणि स्त्रीधनाशी नवऱ्याचा संबंध काय, असे माझा वकील कंठशोष करून सांगत होता. परंतु ‘ते लुगडे पाचवारी होते की नऊवारी’ या न्यायाधीशांच्या प्रश्नाचे उत्तर मला देता येईना, आणि मी काहीतरी लपवीत आहे असा ग्रह व्हावयाचा तो झाला.

मध्यंतरी कलेक्टर कचेरीकडून ऐपतीचा अहवाल मागविण्यात आला आणि एके दिवशी सकाळी तलाठी भाऊसाहेब स्थळपाहणीस आले. ते यावयाच्या वेळी मी कढईतले पोहे झाकून, चटई उसवलेल्या बाजूने अंथरून आणि शक्य तितका खंगलेला चेहरा करून बसलो होतो. परंतु दारी आलेल्या मनुष्यास तसाच परत पाठविणे आमच्या घराण्यात नाही. पत्नीने शेजारून नक्षीचे कप आणले, तुपाचा हात सैल सोडून शिरा केला, वर बेदाणे घातले. ‘घ्या हो भाऊसाहेब, अजून घ्या. आमच्याकडे काही तोटा नाही,’ ती आग्रह करू लागली तेव्हा मी दोनदा खोकलो. भाऊसाहेबांनी शिरा संपविला, हात धुतले, तृप्तीने घर न्याहाळले आणि अहवाल लिहिला. तो पुढे निशाणीवर आला. त्यात ‘कुटुंब खाऊनपिऊन सुखी, आतिथ्यशील. बेदाणे वापरतात’ असे होते.

साक्षीदारांनी उरलेसुरले काम तडीस नेले. आमचे शेजारी हे माझ्याच बाजूचे साक्षीदार. मी गरीब आहे एवढेच त्यांनी सांगावयाचे होते. पिंजऱ्यात चढल्यावर त्यांना माझ्याविषयीच्या प्रेमाचे भरते आले. ‘गरीब? छे छे! या माणसाने जन्मात कोणापुढे हात पसरला नाही, साहेब!’ त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. माझ्या वकिलाच्याही होते.

मग आमचे वाणी आले. त्यांच्या वहीत माझ्या नावे जी रक्कम होती तीवर वकिलाची सारी भिस्त होती. ‘यांची तुमच्याकडे उधारी आहे?’ ‘आहे, साहेब.’ ‘पुष्कळ दिवसांची?’ ‘पुष्कळ.’ वकिलाने येथे थांबावयास हवे होते. परंतु यश दिसू लागले की वकिलास थांबवत नाही. ‘यावरून काय दिसते?’ त्याने विचारले. ‘पत दिसते, साहेब,’ वाणी छाती पुढे काढून म्हणाले, ‘हे उद्या आले तरी तितकेच आणखी देईन.’ सरकारी वकील तत्काळ उभे राहिले. पुरेशी ऐपत म्हणजे खिशातला पैसा नव्हे, कायदेशीर मार्गाने पैसा उभा करण्याची शक्ती. आणि ती पाहताना आप्तमित्रांकडून मिळणारे साहाय्यही जमेस धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली म्हटले आहे, तो निवाडा त्यांनी वाचून दाखविला. माझी उधारी ही अशा रीतीने माझी श्रीमंती ठरली. बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्याच वाण्यांनी मला बाजूला घेऊन, ‘मागचे केव्हा देता?’ म्हणून विचारले.

प्रतिपक्षाकडे याहून जालीम कागद होता. धाकटीच्या लग्नासाठी मी वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. तिचे कात्रण प्रकाशकांच्या वकिलांनी पुढे केले. ‘“सुखवस्तू, सुसंस्कृत कुटुंब. लग्न उभयपक्षी साजेसे करून देऊ.” हे आपण लिहिले आहे?’

‘होय.’

‘मग खरे काय? ही जाहिरात की हा अर्ज?’

‘जाहिरात वाङ्मय आहे,’ मी म्हणालो, ‘मी विनोदी लेखक आहे.’ या उत्तरास कोर्टात कोणी हसले नाही, आणि माझ्या विनोदीपणाविषयी सरकारी वकिलांचा अभिप्राय अधिकच दृढ झाला.

संकटे एकेकटी येत नसल्यामुळे याच सुमारास एका साहित्य संस्थेने मला पुरस्कार जाहीर केला. रोख रक्कम, शाल, श्रीफळ. अर्ज दिल्यापासून निकाल लागेपर्यंत अर्जदारास जी प्राप्ती होईल तीही ऐपतीत धरावी, असे संहितेचे स्पष्टीकरण आहे. ज्या पुरस्काराची मी तारुण्यापासून वाट पाहिली, तो लांबणीवर टाकावा म्हणून मी संस्थेच्या चिटणीसांना गळ घातली. ‘प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळाली आहे, आपली नसली तरी चालेल,’ असे त्यांचे उत्तर आले. शाल हे पांघरूण आहे आणि नारळ वाढवला की संपतो, इथपर्यंत वकिलाने बचाव बसवला. पाकिटावर त्याचे काही चालेना. आणि दुसऱ्या दिवशीच्या पत्रातील ‘ख्यातनाम साहित्यिक’ या मथळ्यास निशाणी क्रमांक पडला तो निराळाच.

परंतु सर्व प्रकरणाचे मर्म होते ते माझ्या पलंगाखाली. तेथील प्रतींचे मी यादीत ‘रद्दी, वजनाप्रमाणे’ असे मोल केले होते. प्रकाशक स्वतः पिंजऱ्यात आले आणि शपथेवर सांगू लागले की हे पुस्तक अत्यंत लोकप्रिय आहे, त्यास चोहोकडून मागणी आहे, ग्रंथालये त्यासाठी ताटकळली आहेत, आणि सबब पलंगाखालील प्रत्येक प्रत छापील किमतीने आज संध्याकाळी खपेल. अर्जदार हा सुप्त धनिक आहे. इतक्या वर्षांत त्यांच्या मुखातून माझ्या पुस्तकाविषयी आलेले हे पहिलेच चांगले शब्द. माझा कंठ दाटून आला. माझ्या वकिलास मात्र उठून उलटतपासणीत हेच वदवून घ्यावे लागले की पुस्तक टाकाऊ आहे, कोणी फुकट नेत नाही, उंदीरदेखील दुसऱ्या लेखकाकडे जातात. मी त्याचा कोट ओढला. ‘गप्प बस,’ तो कुजबुजला, ‘दावा नंबरावर आला की त्याची ही जबानी आपण त्याच्यावरच उलटवू. तेव्हा पुस्तक पुन्हा उत्तम होईल.’

ही कुजबुज प्रतिपक्षाच्या वकिलांनी ऐकली असावी, कारण पुढच्या तारखेस त्यांनी सर्व मोहरा फिरविला. न खपलेल्या प्रती वर्षानुवर्षे सांभाळल्याबद्दल गोदामभाड्याची उलट मागणी प्रकाशकांनी आमच्यावर केली, आणि त्या मागणीवरील कोर्ट फी भरण्याची आपलीही ऐपत नाही असा अर्ज दिला. आदेश ३३ च्या नियम १७ खाली प्रतिवादीलाही तशी मोकळीक आहे. कंपनी कशी नादार असेल, तिला अंगावरचे कपडे तरी कोठे असतात, अशी शंका मी काढली. परंतु कंपनीदेखील या आदेशाखाली दाद मागू शकते असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००१ सालीच देऊन ठेवला आहे. तेव्हा आता एकाच दालनात, एकाच सकाळी, दोन चौकशा चालतात. पहिलीत मी माझे पुस्तक निकामी असल्याचे सांगतो आणि प्रकाशक त्याची थोरवी गातात. दुसरीत मी त्याच पुस्तकावर त्यांनी इमला बांधल्याचे सांगतो आणि मराठी पुस्तके छापणे म्हणजे भिकेचे डोहाळे, असे ते गहिवरून सांगतात. न्यायाधीशसाहेब दोन्ही जबान्या शांतपणे लिहून घेतात. मधल्या सुटीत आम्ही दोघे समोरच्या उपाहारगृहात चहा घेतो. पैसे देण्याचा आग्रह मात्र कोणी करीत नाही, कारण शेजारच्या मेजावर सरकारी वकील बसलेले असतात.

अर्जाचा निकाल अद्याप लागलेला नाही. तो विरुद्ध गेल्यास तशा स्वरूपाचा अर्ज पुन्हा करता येत नाही, फी भरूनच दावा लावावा लागतो. तेव्हा रसिक वाचकांस एक नम्र विनंती आहे. ज्यांनी माझे पुस्तक कोणाकडून तरी मागून वाचले असेल, किंवा वाचलेच नसेल, त्यांनी माझ्या नादारीच्या चौकशीत साक्षीस यावे. ज्यांनी ते रोख पैसे देऊन विकत घेतले असेल त्यांनी कृपया दावा नंबरावर चढेपर्यंत घरीच थांबावे, पावती जपून ठेवावी आणि मागाहून यावे. दोन्ही वर्गांनी एकाच दिवशी येऊ नये.